नांदगाव कोणतं? पेठ की खंडेश्वर?



सहावी-सातवीला दिशा, नकाशा, अक्षांश-रेखांश शिकवायची वेळ आली की मी पुस्तक थोडं बाजूला ठेवतो आणि गाडीवाल्यांच्या गोष्टी सांगतो. ‘अक्षांश’ म्हटलं की पोरं पेंगतात, पण गाडीच्या काचेला चिकटवलेल्या बोलक्या डबीचं नाव काढलं की मागच्या बाकावरचा गडीही सरसावून बसतो. आमच्या अकोल्याच्या गल्लीतली निम्मी घरं गाडीवर जगतात. कुणाची काळीपिवळी, कुणाची शाळेची व्हॅन, कुणी ट्रकवर. वडील एसटीत चालक होते. त्यामुळे रस्त्यांच्या गोष्टींना मला घराबाहेर जावं लागलं नाही.

आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, म्हणून मुलांना ही डबी माहीत नसते. आमच्या शेजारच्या भाऊंनी ती २०१० च्या सुमारास पुण्याहून आणली. तळहाताएवढी, मागे रबरी वाटी, आत नकाशाचं कार्ड. त्या काळात तिला आठ-दहा हजार रुपये पडले होते आणि भाऊंची जीप तेव्हा हप्त्यावर होती, हे इथं सांगायलाच हवं. अख्खी गल्ली गाडीभोवती जमली. डबी चालू केली, तर पाच मिनिटं काही बोलेचना. वहिनी म्हणाल्या, “मुकी आणली का काय बाप्पा!” मग एकदम बाईचा आवाज आला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ती पाच मिनिटं ती करत काय होती, हा प्रश्न मी वर्गात विचारतो. बहुतेक मुलं सांगतात, “सर, ती सॅटेलाइटला विचारत होती, मी कुठं हाय म्हणून.” पालकांचीही अशीच समजूत असते, की वरून उपग्रह आपल्याला पाहतो आणि सांगतो. तसं नाही. डबी काहीच विचारत नाही, ती फक्त ऐकते, रेडिओसारखी. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे उपग्रह सारखे सांगत असतात, ‘मी अमुक जागी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत.’ तो संदेश सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगानं येतो, म्हणजे खाली पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती उशिरा पोचला त्यावरून अंतर निघतं. तीन अंतरांवरून जागा सापडते आणि चौथा उपग्रह लागतो तो डबीच्या स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला.

हे मैदानावर करून दाखवता येतं. विहीर, झेंड्याचा खांब आणि कडुलिंब अशा तीन ठिकाणांहून तीन दोऱ्या ताणायच्या. तिन्ही दोऱ्यांची टोकं जिथं जुळतात तिथं पोरगं उभं करायचं. मग एक दोरी हातभर लांब करायची आणि ते कुठं सरकतं ते पाहायचं. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तर तीनशे मीटरचा फरक पडतो, हे गणित सातवीची मुलं फळ्यावर स्वतः करतात. आपल्या ‘नाविक’ यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला आणि पुढे त्याची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह वर धडधाकट, पण घड्याळ बंद, म्हणून रस्ता सांगायला निरुपयोगी. दोऱ्यांचा खेळ खेळलेल्या मुलाला याचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

असो. भाऊंच्या डबीकडे येतो.

तिचा पहिला शत्रू आमचा उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काच तापली की रबरी वाटी सुटायची आणि डबी बोलता बोलता भाऊंच्या मांडीवर पडायची. त्यांनी शेवटी वाळूची छोटी पिशवी शिवून घेतली आणि डबी तिच्यावर बसवली.

दुसरी अडचण जास्त खोल होती, ती नावांची. आपल्या वऱ्हाडात गावाचं अर्धं नाव सांगून भागत नाही. नांदगाव पेठ नागपूर रस्त्यावर, नांदगाव खंडेश्वर यवतमाळ रस्त्यावर. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. धामणगाव रेल्वे आणि धामणगाव गढी. अंजनगाव सुर्जी, जिथं १८०३ साली शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला, आणि बडनेऱ्याच्या पलीकडचं अंजनगाव बारी. सगळी एकाच अमरावती जिल्ह्यातली. एकदा बडनेरा स्टेशनवर पुण्याचं लग्नाचं बिऱ्हाड भाऊंच्या गाडीत बसलं. त्यांनी आधीच डबीत नाव घालून ठेवलं, इंग्रजी अक्षरांत. भाऊंनी विचारलं, “नांदगाव कोनतं? पेठ का खंडेश्वर?”

“नांदगाव, अमरावती जिल्हा. यात आलंय ना, चला.”

“आलंय थे मले बी दिसते. पन लग्न कोनत्या नांदगावले हाय?”

पाहुणे जरा तडकले. तरी भाऊंनी चावी फिरवली नाही. शेवटी लग्नघरी फोन लागला. लग्न खंडेश्वरला होतं, डबीतला बाण पेठेकडे होता. मंगलाष्टकं मिळाली. या गोष्टीनंतर मी मुलांना जिल्ह्याच्या नकाशात अशा जोड्या शोधायला सांगतो. बुद्रुक-खुर्द धरले तर वही भरते.

आपल्या अकोल्याचीही अशी जोडी आहे, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं अकोले. तिथली गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर अकोले तालुक्यात एका पुलाच्या रस्त्यावर गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली तो पूल बुडालेला होता. गावच्या माणसांना ते ठाऊक होतं, नकाशाला नव्हतं. दोघे बाहेर पडू शकले, चालक बुडाला. मुलांना ही गोष्ट सांगावी की नाही असा प्रश्न मला एका पालकानं विचारला होता. मी सांगतो. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील आत्ता या घडीला कुठल्यातरी रस्त्यावर गाडी चालवत असतात.

जागा सांगणं हे एक काम आणि रस्ता सांगणं हे दुसरं. उपग्रह सांगतो ती फक्त जागा, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते. रस्ता असतो कार्डातल्या नकाशात आणि तो नकाशा कुणीतरी, कधीतरी काढलेला असतो. एक आडवी गोष्ट सांगतो. ज्या विल्यम लॅम्टननं १८०२ पासून मद्रासहून त्रिकोण जोडत भारत मोजायला घेतला, तो १८२३ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्धा टन वजनाचं होतं आणि ते माणसांच्या खांद्यावरून न्यावं लागे. वीस वर्षं चालून तो इथवर आला होता. हातातल्या फोनवर बोट फिरवणाऱ्या मुलांना नकाशामागचे पाय दिसावेत म्हणून मी लॅम्टनला वर्गात आणतो. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे. सहलीला वर्ध्याकडे जाणाऱ्या शाळांनी जरूर थांबावं.

नकाशा जुना झाला की काय होतं, ते भाऊंनी डोळ्यांनी पाहिलं. २०२२ च्या ऑक्टोबरात अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल तडे गेल्यानं बंद झाला. चहाच्या टपरीवर ते तासाभरात कळलं, डबी मात्र पुलावरूनच जायचं म्हणत राहिली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला. भाऊ हौसेनं जुनी डबी लावून त्यावर गेले. डबीत रस्ताच नव्हता. पडद्यावर बाण रिकाम्या हिरव्या जागेतून धावू लागला आणि बाई सारखी सांगत होती, शक्य असेल तिथं मागे वळा. “माही गाडी पऱ्हाटीतून चालली होती सर,” भाऊ सांगतात, “अन् सुसाट!”

मेळघाटात मात्र तीच डबी खरी उतरली. निवडणुकीच्या कामाला आम्हा शिक्षकांच्या गाड्या परतवाड्याहून वर चढल्या. पुढच्या गाडीचा तरुण चालक मोबाइलवर रस्ता पाहत होता. सेमाडोहच्या पुढे रेंज गेली, आधी उतरवून न घेतलेला नकाशा उघडेना आणि तो गाडी कडेला घेऊन उभा राहिला. मागच्या गाडीत जुनी डबी होती आणि ती निवांत बोलत होती, कारण तिचा नकाशा पोटात होता आणि उपग्रहाचं बोलणं ऐकायला मोबाइलचा टॉवर लागत नाही. दाट झाडीत तीही अधूनमधून गप्प व्हायची. फाट्यावर एक कोरकू आजोबा भेटले. त्यांनी हातानं दाखवलं आणि शेवटचे दोन किलोमीटर आम्ही त्यांच्या हातावर विश्वास ठेवून गेलो. पालकहो, जंगलात किंवा घाटात जाण्याआधी फोनमध्ये तेवढ्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून ठेवा, हे एवढं लक्षात असू द्या.

आमच्या वडिलांना या डबीचा राग होता असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. त्यांचा नकाशा झाडांचा होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे अमुक लिंब, कुरणखेडच्या आधी तमुक चिंच, तिथं गिअर बदलायचा, तिथं रात्री गुरं बसतात. हायवे चौपदरी होताना ती झाडं गेली. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा एक पदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, पेपरात फोटो आले. वडिलांनी फोटो पाहिला आणि मला म्हणाले, “हे कोनतं गाव हाय, सांग बरं?” मला सांगता येईना, त्यांनाही येईना. सगळीकडे तोच काळा पट्टा आणि तोच दुभाजक. नंतर भाऊंच्या गाडीतून अमरावतीला दवाखान्यात जाताना वडील डबी हातातच घेऊन बसायचे. रस्ता विचारायला नाही. गाव मागे पडलं की नातवाला विचारायचे, “काय लिवलं त्याच्यावर?” नातू वाचायचा, “कुरणखेड.” मग ते बाहेर पाहून मान हलवायचे. ज्या रस्त्यावर त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली तो त्यांना डबीत वाचून घ्यावा लागत होता. डबीनं माणसाची आठवण पुसली असं सरसकट लिहिणाऱ्यांशी मला म्हणूनच सहमत होता येत नाही. रस्ता बदलला, तो त्यांच्याही डोक्यातल्या नकाशाच्या पुढे निघून गेला आणि डबीच्याही.

आता पांदणीबद्दल. काळ्या मातीत पाऊस पडला की पांदण म्हणजे लगदा. चाकाला माती अशी गुंडाळते की चाक मडगार्डला अडकून बसतं. पण नकाशावर पांदणही रेघ आणि डांबरी रस्ताही रेघ. जवळचा रस्ता मागितला की यंत्र बिनदिक्कत पांदण दाखवतं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या आजीला रात्री छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिकेच्या चालकाचा फोन आला, तो फाट्यावर पोचला होता आणि पडद्यावर डावीकडचा रस्ता दिसत होता, दीड किलोमीटर. घरात मोठी माणसं आजीभोवती. फोन मुलीनं घेतला. “काका, डावीकडं नका वळू. थे पांदण हाय, गाडी फसते. सरळ या, शाळेची पांढरी भिंत लागंल, तिथून उजव्या हातानं. पूल लहान हाय पन पाणी नाई त्याच्यावर, मी संध्याकाळी पाह्यलं.” चालक सरळ आला. आजी आज अंगणात तूर निवडत बसते.

चालकानं नंतर आमच्या शिपायाला सांगितलं, की असं सांगणारं माणूस क्वचित भेटतं. बहुतेक जण म्हणतात, “या ना, इथंच तर हाय.”

तेव्हापासून वर्गात एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने: गावातलं नाव, सरकारी कागदावरचं नाव, मोबाइलच्या नकाशातलं नाव. चौथा रकाना मुलींनीच वाढवला, ‘पावसाळ्यात गाडी जाते का?’ मुलं घरी विचारून भरतात. मूर्तिजापूर इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, त्यावर एक पान झालं आहे. नाल्याच्या वळणावरच्या जागेला एका मुलाचे आजोबा ‘भोकराचा उतार’ म्हणतात, दुसऱ्याचे आजोबा म्हणतात की भोकर तिथं कधी नव्हतीच, तो ‘धोब्याचा उतार’. दोघं मागच्या बुधवारी शाळेच्या ओट्यावर येऊन त्यावरून भांडून गेले. त्या ओळीत दोन्ही नावं सध्या पेन्सिलनं लिहिलेली आहेत.