भिंतीला कान लावून

सोलापूर सोडलं की विजापूरच्या वाटेवर भीमा लागते. पंढरपुरात जिला आपण चंद्रभागा म्हणतो तीच ही, पण इथे तिला काठावर देऊळ नाही की वाळवंटात दिंडी नाही. पौषाचे दिवस होते. दोन्ही तीरांवर ज्वारी उभी होती, कणसांत दाणा भरत आला होता. गाडी पुलावर आली तशी ताईने सवयीने हात जोडले. पुढे स्टेशनांच्या पाट्या कानडी झाल्या. बऱ्याच वेळाने सपाट रानाच्या वर एक करडा गोल उगवला आणि गाडी कुठेही वळली तरी तो तिथेच राहिला.

अण्णा शाळेत इतिहास शिकवत. रात्री दिवा मालवला की तोच इतिहास घरात सुरू व्हायचा. त्या गोष्टींतलं विजापूर म्हणजे फौजा निघण्याची जागा. विडा उचलला जायचा तो तिथे, मोहिमा ठरायच्या त्या तिथे. तिथे कुणी गात असेल, विहिरीचं पाणी शेंदत असेल, असं आम्हा दोघींच्या मनातही येत नसे. गोष्ट रंगात आली की अण्णा मध्येच थांबत आणि अंधारात विचारत, "झोपलात का गं?" विजापूर बघायचं त्यांच्या मनात फार होतं. ते राहून गेलं.

दोनच दिवस हाताशी होते. पहिल्या दुपारी टांगा करून आम्ही इब्राहिम रोज्याला गेलो. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, कबर आणि मशीद, आणि मध्ये हौद. कबरीच्या खिडक्यांपाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. दगडाच्या पाटीत अक्षरं कोरून त्यांच्या मधली जागा आरपार काढून टाकली आहे. त्यामुळे ऊन आत येतं ते अक्षरांना वळसा घालून. लिपी मला वाचता येत नव्हती, पण ओळ कुठे वळते, कुठे दम घेते, ते कळत होतं. गाणाऱ्याच्या समाधीला याहून साजेशी खिडकी मला सुचत नाही.

कारण इथे निजलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा, १५८० ते १६२७ असा राज्य करणारा, मनापासून गाणारा माणूस होता. त्याच्या लहानपणी राज्य सांभाळलं ते चांदबिबीने, आपल्या अहमदनगरच्या लेकीने. त्याने दख्खनी भाषेत रागांत बांधलेली पदं रचली, ती 'किताब-ए-नवरस' म्हणून ओळखली जातात. त्यांत सरस्वतीची स्तुती आहे, गणपतीची आहे. त्याच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान. वाद्याला माणसासारखं नाव देणारा हा सुलतान अण्णांच्या गोष्टींत कधी आला नाही. १५९९ मध्ये त्याने शहराच्या पश्चिमेला नवरसपूर नावाची नवी नगरी वसवायला घेतली. तिच्या नावातच गाणं होतं.

ती नगरी १६२४ मध्ये लुटली गेली. भातवडीची लढाई जिंकून मलिक अंबराच्या फौजा थेट तिच्यावर आल्या. भातवडी! शहाजीराजांचा पराक्रम आणि शरीफजींचं मरण सांगताना अण्णांचा गळा दाटून यायचा. तो अभिमान मला आजही हवा आहे, त्यातला कणही सोडायचा नाही. पण त्याच विजयाची वाट पुढे एका गाणाऱ्या नगरीपर्यंत गेली होती, हे हौदाकाठी बसल्यावर टोचत राहिलं. ताईला सांगितलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "अण्णांना हे आवडलं असतं. म्हणजे, ऐकून वाईट वाटलं असतं, पण त्यांनी ते वर्गात सांगितलं असतं."

वाटेत मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली, सुमारे पंचावन्न टनांची, तोंडाशी सिंहाचा जबडा. तिच्यापाशी मन रमलं नाही. रमलं ते संध्याकाळी बारा कमानीत. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर. अफजलखान निघाला तो याच्याच दरबारातून. १६७२ मध्ये अली गेला आणि काम तिथेच थांबलं. काळ्या दगडाच्या कमानी उभ्या आहेत, वर छत नाही, आभाळच आहे. पोपटांचा थवा आत शिरला आणि कुठेही न अडता वरून निघून गेला.

गोलघुमटाला मात्र दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेलो. शाळेच्या सहली येण्याआधी जा, असं टांगेवाल्याने बजावलं होतं. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून अरुंद जिना चढत राहायचं. मग गच्चीवर गार वारा, आणि तिथून घुमटाच्या आतल्या सज्ज्यात. घुमट या शब्दात घुमणं ऐकू येतं, पण ते असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. माझं पाऊल पडलं आणि ते पाऊल माझ्यामागून कितीतरी जणांनी टाकलं. खाली १६५६ मध्ये गेलेल्या महंमद आदिलशहाची कबर, त्याच्या माणसांच्या कबरी, इथून मुठीएवढ्या. चौकोनी दालनावर एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानी गुंफून चौकोनाचा गोल केलेला. आतून अडतीसेक मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही.

ताई चालत चालत समोरच्या बाजूला गेली. तिची पिवळी शाल तेवढी दिसत होती. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी कान टेकवला. आधी नुसता तिचा श्वास आला, जिना चढून लागलेला. मग अगदी जवळून, उशीशी यावा तसा आवाज आला,

"झोपलीस का गं?"

चुना गालाला गार लागत होता. मी ओठ भिंतीशी नेले आणि म्हटलं, "नाही. सांग पुढे."