निकाल माहीत नसताना

स्ट्रॅटेजीच्या वर्गातली बहुतेक प्रकरणं शेवटापासून सुरू होतात. होंडा अमेरिकेत जिंकली हे आधीच ठाऊक असतं, मग ती का जिंकली याची कारणं फळ्यावर मांडली जातात. डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच एका इंजिनिअरनं बनवला आणि त्याच कोडॅकनं २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. ही दोन सालं समोर असली की मधल्या काळातला त्या कंपनीचा प्रत्येक निर्णय आंधळेपणाचा वाटू लागतो. विशी-पंचविशीतला विद्यार्थी जगातल्या बड्या संचालकांना नापास करून मोकळा होतो.

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी एमबीए, असा आमचा वर्ग होता. चाकण, पिंपरी, भोसरीहून कामावरून थेट आलेली माणसं. अर्धवट माहिती, उद्यावर आलेली मुदत आणि वरिष्ठांचा अंदाज यांच्या मधोमध निर्णय कसे होतात, हे त्यातल्या प्रत्येकानं त्याच दिवशी पाहिलेलं असायचं. मग वर्गात एखाद्या कंपनीची वीस वर्षं सरळ रेषेत मांडलेली दिसली की मन तयार होत नसे. मला हा विषय खऱ्या अर्थानं लागला तो होंडामुळे. कारण होंडाची गोष्ट दोनदा शिकवली जाते आणि दोन्ही वेळा वेगळी निघते.

पहिली गोष्ट १९७५ सालच्या अहवालातली. ब्रिटिश मोटारसायकलींचा धंदा कोसळत होता, तेव्हा ब्रिटिश सरकारनं बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीला त्यावर उपाय विचारला. अहवालानं जपानी यशाचं चित्र काढलं ते असं: घरच्या मोठ्या बाजारपेठेत लहान गाड्यांचं प्रचंड उत्पादन, त्यातून दर गाडीमागे घटत जाणारा खर्च, आणि त्या जोरावर अमेरिकेत पाय रोवणं. कारण, परिणाम, पुढचं कारण. सगळं एकमेकांत बसलेलं.

दुसरी गोष्ट व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड पास्कल यांनी १९८४ साली छापली. ते टोकियोला गेले आणि त्या वेळी प्रत्यक्ष काम केलेल्या होंडाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून ऐकलं. किहाचिरो कावाशिमा यांनी सांगितलं ते ऐकून अहवालातलं चित्र विस्कटतं. १९५९ साली लॉस एंजेलिसला पोचलेल्या त्या लहानशा चमूकडे, अमेरिकेत काही विकता येतंय का ते पाहू, यापलीकडे ठोस योजना नव्हती. जपानच्या अर्थ मंत्रालयानं अडीच लाख डॉलरची परवानगी दिली होती, त्यातले रोख फक्त १ लाख १० हजार. महिना ८० डॉलर भाड्याच्या एका जागेत सगळे राहत आणि दोघं जमिनीवर झोपत. भरवसा होता २५० आणि ३०५ सीसीच्या मोठ्या गाड्यांवर. त्याच गाड्या बंद पडू लागल्या: तेल गळायचं, क्लच जायचा. अमेरिकन माणूस जपानी माणसापेक्षा कितीतरी लांब आणि वेगात गाडी हाणतो, त्या ताणाची चाचणीच झालेली नव्हती. बिघडलेल्या गाड्या विमानानं जपानला पाठवाव्या लागल्या.

त्या दिवसांत ही मंडळी स्वतःच्या कामासाठी ५० सीसीची सुपर कब वापरत. लोक रस्त्यात थांबून चौकशी करायचे. सीअर्स कंपनीच्या एका खरेदीदाराचाही फोन आला. तरीही ती छोटी गाडी पुढे करायला कावाशिमा कचरत होते, कारण रांगड्या मोटारसायकलस्वारांच्या बाजारात आपलं नाव हलकं होईल ही भीती होती. मोठ्या गाड्यांनी दगा दिला, दुसरा मार्ग उरला नाही, तेव्हा सुपर कब बाहेर आली. क्रीडासाहित्याच्या दुकानांतून विकली गेली आणि पुढे १९६३च्या सुमारास, होंडावर सज्जन माणसं भेटतात असं सांगणारी जाहिरात देशभर गाजली. त्या जाहिरातीची मूळ कल्पना लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं वर्गातल्या स्वाध्यायासाठी लिहिली होती.

इथे पुष्कळ जण म्हणतात, बघा, योजना वगैरे सगळं व्यर्थ. नशीब आणि चिकाटी खरी. मला हा निष्कर्ष पटत नाही. होंडाचा व्यवहार सांभाळणाऱ्या ताकेओ फुजिसावा यांनी सुपर कब मागितली ती सोबा नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातानं चालवता यावी म्हणून. त्या गाडीसाठी सुझुकाला उभारलेल्या कारखान्याची क्षमता महिन्याला ३० हजार गाड्यांची होती. तेवढ्या गाड्या खपतील याची खात्री नसताना एवढी तयारी करणं हा प्रचंड धाडसाचा आणि पूर्ण विचारानं घेतलेला निर्णय होता. लॉस एंजेलिसमध्ये अपघातानं जे हाती आलं, ते पेलण्याची ताकद जपानमध्ये आधीच उभी होती. दुसऱ्या कंपनीच्या माणसांनी त्याच रस्त्यांवर तसली छोटी गाडी फिरवली असती आणि तिचं कौतुकही झालं असतं, पण तेवढ्या गाड्या तेवढ्या किमतीत त्यांनी आणल्या कुठून असत्या?

हा वाद पुढे बराच रंगला. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पास्कल यांच्या लेखाचा आधार घेऊन आपलं म्हणणं ठासून मांडलं: धोरण आधी कागदावर येतं आणि मग अमलात येतं असं दर वेळी नसतं, पुष्कळदा ते करता करता आकार घेतं. १९९६ साली मायकेल गूल्ड यांनी उत्तर दिलं. ते स्वतः १९७५चा अहवाल करणाऱ्यांपैकी. होंडा तिथवर कशी पोचली हा आमचा प्रश्नच नव्हता, ब्रिटिश कंपन्यांनी आता काय करावं हा होता, असं त्यांचं म्हणणं. मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. इतिहास सांगणारा आणि सल्ला देणारा एकच माहिती घेऊन बसले तरी वेगवेगळ्या कामाला बसलेले असतात. आम्ही विद्यार्थी मात्र ही दोन्ही कामं एकाच तासात, एकाच उत्तरपत्रिकेत उरकत होतो.

माझ्या सगळ्यात जवळचा धडा मात्र होंडाचा नव्हता. तो मायकेल पोर्टर यांचा होता, आणि तो मी भोसरीला बसून शिकले.

माझ्या मामांचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दुचाकीच्या इंजिनात बसणारे रॉकर शाफ्ट ते बनवतात. सळई आणायची, लेथवर कापायची, भोकं पाडायची, हार्डनिंग बाहेरून करून घ्यायचं आणि शेवटी सेंटरलेस ग्राइंडिंगला लावायचं. एकच मोठं गिऱ्हाईक. पोर्टर यांच्या १९७९च्या लेखातली पाच बळं मी त्यांना समजावून सांगत होते: गिऱ्हाइकाची घासाघीस करण्याची ताकद, माल पुरवणाऱ्याची ताकद, नवे येणारे, पर्यायी वस्तू आणि आपसातली चढाओढ. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सळई कुठल्या मिलची घ्यायची ते गिऱ्हाईकच सांगतं गं. म्हणजे तुझी पहिली दोन बळं एकाच हातात. त्याचं काय?"

पुस्तकात गिऱ्हाईक एका बाजूला आणि पुरवठादार दुसऱ्या बाजूला असतो. मधल्या चौकोनात आपली कंपनी. मामांच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे दर एकाच टेबलावर ठरतात. दरवर्षी शाफ्टचा दर थोडा खाली आणायचा, हे करारातच लिहिलेलं. पैसे वेळेवर येत नाहीत. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ सालचा कायदा आहे. पण ज्याच्या एका ऑर्डरवर बारा घरांची चूल पेटते, त्याच्याविरुद्ध अर्ज करायला कोण धजेल? कायद्यानं दिलेला हक्क वापरण्यासाठीही दुसरं गिऱ्हाईक असावं लागतं. पाच बळांचं चित्र इतकं जिवंत होऊन मला दुसरीकडे कुठेही दिसलं नाही.

पोर्टर यांच्या विचारामागे अर्थशास्त्राची जी शाखा आहे, तिचा हेतू आधी वेगळा होता. जो बेन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ १९५०च्या दशकात नव्या स्पर्धकांना अडवणाऱ्या भिंतींचा अभ्यास करत होते. काही मोजक्या कंपन्या भिंती उभारतात, त्यातून जादा नफा कमावतात आणि समाजाचं त्यात नुकसान होतं, हा त्यांच्या काळजीचा विषय. पोर्टर यांनी तेच निष्कर्ष उचलले आणि कंपनीच्या बाजूनं वाचले: भिंत असेल तिथे नफा टिकतो, म्हणून अशी जागा शोधा. बुद्धीच्या दृष्टीनं ही झेप थक्क करणारी आहे. पण ही उलटापालट वर्गात कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवी. विद्यार्थ्याला कळायला हवं, की गिऱ्हाईक म्हणून आपली ताकद वाढवा हे जेव्हा एका कंपनीच्या अहवालात शहाणपण म्हणून लिहिलं जातं, तेव्हा त्याच वाक्याची दुसरी बाजू भोसरीच्या एखाद्या गाळ्यात पगाराच्या तारखेला जाणवते.

आणि तरीही पोर्टर यांनीच मामांच्या उपयोगी पडेल असं काही लिहून ठेवलंय. १९९६च्या लेखात त्यांनी एक भेद केला: तेच काम इतरांपेक्षा चांगलं करणं वेगळं आणि वेगळ्या प्रकारचं काम निवडणं वेगळं. पहिलं गरजेचं आहे, पण सगळेच ते करू लागले की दर खाली येतात आणि कुणाच्याच हाती काही राहत नाही. दुसऱ्यासाठी काहीतरी सोडावं लागतं. आपल्याकडे याचं देखणं उदाहरण म्हणजे मुंबईचे डबेवाले. हार्वर्डनं २०१० साली त्यांच्यावर प्रकरण लिहिलं. ठरलेल्या आकाराचा डबा, ठरलेली वेळ, डब्यावरच्या खुणा, लोकलचं वेळापत्रक. प्रत्येक गोष्ट दुसरीला धरून आहे, म्हणून नक्कल अवघड. मोठा डबा घेणार नाही, उशिरा तयार होणारा घेणार नाही, हे नकार त्या शिस्तीतच आहेत.

मला त्याच्या पुढची गोष्टही अभ्यासाला हवी वाटते. मार्च २०२०मध्ये लोकल थांबली आणि कचेऱ्या बंद झाल्या. एकमेकांना घट्ट धरून असलेलं सगळं एकदम ठप्प झालं. ज्या गुंफणीमुळे कुणाला नक्कल जमली नाही, तिच्यामुळेच बाजूला सरकायला जागा उरली नव्हती. दोष कुणाचाच नाही. पण नेमकेपणाची किंमत कधी आणि कोण चुकवतं, हे २०१० साली लिहिलेल्या पानांत शोधून सापडणार नाही.

सध्या मामांच्या समोर असाच एक प्रश्न आहे. विजेच्या स्कूटरला इंजिन नसतं, म्हणून रॉकर शाफ्टही नसतो. पेट्रोलच्या दुचाकी लगेच बंद होणार नाहीत, पण वाढही इथे होणार नाही. हाती असलेलं खरं कौशल्य आहे ते ग्राइंडिंगचं, मायक्रॉनमधलं. तेच कौशल्य मोटरच्या शाफ्टला चालतं. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमधल्या स्पूललाही चालतं. दोन्हींसाठी नवं सीएनसी ग्राइंडर लागेल, कर्ज काढावं लागेल आणि मशिन एकच घेता येईल.

रॉजर मार्टिन आणि ए. जी. लॅफ्ली यांच्या २०१३च्या पुस्तकात एक पद्धत आहे. कुठला पर्याय बरोबर यावर भांडायचं नाही. हा पर्याय बरोबर ठरायचा तर जगात काय काय खरं असावं लागेल, एवढं आधी लिहायचं. होंडाच्या गोष्टीनंतर ही पद्धत मला अधिक मोलाची वाटते, कारण निकाल लागल्यावर प्रत्येकाची आठवण आपोआप दुरुस्त होते. जिंकलं की सगळ्यांनाच ते आधीपासून दिसत होतं असं वाटतं. आज लिहून ठेवलं तर पाच वर्षांनी निदान खरं कारण वाचता येईल.

म्हणून आम्ही रविवारी बसून दोन्ही पर्याय कागदावर घेतले. स्पूलच्या बाजूला लिहिलं: पाऊसमान बिघडलं तरी ट्रॅक्टरची मागणी सलग दोन वर्षं पडू नये; निदान दोन गिऱ्हाइकं मिळावीत; सळई आपल्या पसंतीच्या मिलची घेता यावी. मोटरच्या शाफ्टच्या बाजूला लिहिलं: तपासणीला लागणारं माप आपल्या मशिनवर टिकावं, पहिल्या वर्षीचा दर निदान कर्जाचा हप्ता भरण्याइतका असावा, आणि गिऱ्हाइकानं पुढच्या मॉडेलमध्ये मोटर चाकातच बसवू नये, कारण चाकातल्या मोटरचा आस स्थिर असतो, ते काम निराळं आणि ते दुसरीकडे जाईल.

पहिल्या पाच ओळींसमोर मामांनी स्वतःच्या अंदाजानं काहीतरी लिहिलं. शेवटच्या ओळीचं उत्तर भोसरीत कुणाकडेच नाही. ते गिऱ्हाइकाच्या डिझाइन विभागात आहे, आणि कदाचित तिथेही अजून ठरलेलं नसेल. मामा म्हणाले, "विचारायला गेलो तर दुसरं गिऱ्हाईक शोधतोय हे त्यांना कळणार." मी म्हणाले, "नाही विचारलंत तर मशिन घ्यायचं कशाच्या भरवशावर?" त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्पूलच्या बाजूच्या दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली आणि राजकोटच्या एका ट्रॅक्टर-भागांच्या व्यापाऱ्याचा नंबर शोधायला सांगितलं. बँकेचं मंजुरीपत्र सप्टेंबरअखेरपर्यंत लागू आहे.