भिगवणच्या काठावर एक तास वीस मिनिटे

वाचकहो, घरात तान्हे बाळ आले की वस्तूंच्या जागा बदलतात. गेल्या सप्टेंबरात आमच्या घरी लेकीचे बाळंतपण झाले, तेव्हा दिवाणखान्यातले टेबल हलले, औषधांचा डबा खाली आला, दुपटी वाळत घालण्यासाठी गॅलरीत नवी दोरी लागली, आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर एक काळी बॅग गेली. त्या बॅगेत लेकीचा कॅमेरा आणि पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्यासाठी तिने पगारातून पैसे साठवून घेतलेली मोठी लेन्स होती. नोकरी सांभाळून दहा वर्षे तिने हा छंद जोपासला होता. रविवारी पहाटे ती कोणत्या तरी तळ्याकाठी असायची आणि दुपारी चिखलाने भरलेले बूट घेऊन घरी यायची.

नोव्हेंबरात मी सहज म्हणालो, "पावसाळाभर बॅग बंद आहे, लेन्सला बुरशी धरेल. एकदा काढून पाहूया." ती बाळाकडे पाहत म्हणाली, "विकून टाका, बाबा. आता त्याचा काय उपयोग?"

मी हसून तो विषय सोडून दिला. माझा दवाखाना गेली सत्तावीस वर्षे चालू आहे. दुसऱ्याच्या लेकीने हे वाक्य माझ्यासमोर उच्चारले असते, तर मी तिला बसवून घेऊन चार प्रश्न विचारले असते. झोप लागते का? बाळ झोपले असतानाही जाग राहते का? आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या आहेत का? स्वतःला किंवा बाळाला काही करावे असे विचार येतात का? स्वतःच्या घरात मात्र मी डॉक्टर नव्हतो; 'बाळंतपणानंतर असे होतेच' म्हणणारा एक बाप होतो. प्रसूतीनंतर पहिले काही दिवस रडू येते, मन हळवे होते, आणि ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. लेकीच्या बाळंतपणाला तेव्हा दोन महिने झाले होते. बाळ झोपल्यावरही ती छताकडे पाहत पडून असते, हे माझ्या पत्नीने मला सांगितले. ते ऐकल्यावर मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, सविस्तर बोलणे केले, स्तनपान चालू ठेवता येईल असे औषध दिले आणि समुपदेशन सुरू केले. पुढच्या भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली: जुन्या आवडीतले काहीतरी, अगदी थोडा वेळ का होईना, पुन्हा सुरू करा.

म्हणून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही भिगवणला निघालो. जावई नोकरीमुळे बंगळुरात असतात आणि पत्नीला शाळेतून रजा नव्हती. गाडीत मी, लेक, चार महिन्यांचा नातू आणि माझी ८२ वर्षांची आई. आई खरे तर विरोध करायला आली होती. "चार महिन्यांचं लेकरू घेऊन पाण्याच्या काठी? आमच्या वेळी सव्वा महिना उंबरा ओलांडत नव्हते," असे तिने चार दिवस ऐकवले, आणि पाचव्या दिवशी स्वतःची पिशवी भरून दारात उभी राहिली. आम्हा दोघांवर बाळ सोपवायला तिचा जीव होत नव्हता.

तिची काळजी मी थट्टेवारी नेली नाही. बाळाची सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लसीकरणे झाली नसती, तर मीही हा प्रवास पुढे ढकलला असता. पहाटे तीनला उठून निघण्याचा छायाचित्रकारांचा रिवाज आम्ही मोडला आणि आदल्या दिवशी दुपारीच पुणे सोडले. सोलापूर रस्त्याने भिगवण सुमारे शंभर किलोमीटर. बाळाला मागच्या आसनावर, गाडीच्या मागच्या बाजूस तोंड राहील अशा त्याच्या खुर्चीत पट्ट्याने बसवले होते. आजीच्या मांडीवर ते कितीही सुखाने झोपत असले, तरी अचानक ब्रेक लागला तर मांडी त्याला धरून ठेवू शकत नाही. यवतजवळ थांबून त्याला खुर्चीतून बाहेर काढले, पाजले, पाठीवर निजवून मोकळे केले. त्याच थांब्यावर मला आईची लबाडी कळली. रस्त्यात स्वच्छतागृहाची सोय कशी असेल या धास्तीने तिने सकाळपासून पाणीच प्यायलेले नव्हते. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे. अशा माणसाने पाणी तोडले की उठताना चक्कर येते, आणि मांडीवर बाळ असेल तर पडतात दोघेही. ही लबाडी तुमच्यापैकी किती जण करतात, हे मला दवाखान्यात रोज दिसते.

भिगवणजवळचा हा अफाट जलाशय म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जलाशयाला यशवंतसागर असे नाव मिळाले. या पाण्याखाली शेती गेली, गावे उठली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी खूप आटले की अजूनही वर येते. उथळ काठांवर गाळ साचला, त्यात किडे, शेवाळ, मासे वाढले आणि त्यांच्यामागे पक्षी आले. हिवाळ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकदंब हिमालय ओलांडून इथे उतरतात. चक्रवाक येतात, थापट्या बदके येतात, चित्रबलाक आणि राखी बगळे तर असतातच. पण बहुतेक लोक कुंभारगावला येतात ते रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो त्यांच्यासाठी. मासे धरणारी कुटुंबेच आता हंगामात पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात आणि घरात उतरण्याची सोय करतात.

अशाच एका घरी आम्ही उतरलो. रात्री चिलापीचे कालवण आणि ज्वारीची भाकरी होती. बाळाच्या अंथरुणावर आम्ही पुण्याहून आणलेली लहान मच्छरदाणी लावली. काठावर डास असतातच आणि एवढ्या लहान बाळाच्या अंगाला मलमे फासण्यापेक्षा जाळी बरी. पहाटे घरच्या बाईंनी चुलीजवळ आईसाठी पाट मांडला आणि म्हणाल्या, "आजी, बाळाला बाहेर गार लागंल. होडी येईस्तोवर आत बसा." बाळाचे हात गार लागले म्हणून आई आणखी एक स्वेटर चढवू लागली, तेव्हा मी तिला त्याच्या मानेमागे बोटे लावून पाहायला सांगितले. मान उबदार होती. तान्ह्यांचे हातपाय गारच लागतात. थंडी पाहायची ती मानेला किंवा छातीला.

लेकीने बाळाला पोटभर पाजले आणि पावणेसातला ती होडीत बसली. बाळाला होडीत नेण्याचा प्रश्नच नव्हता; इतक्या लहान बाळाला नीट बसेल असे तरंगणारे जाकीट मिळत नाही. तिने स्वतःचे जाकीट बांधले आणि मग लेन्स ठेवायला भुशाची पिशवी होडीच्या काठावर टाकली. ती पिशवी माझ्या आग्रहाने आली होती. तिच्या उजव्या मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी, दोन महिने कळ होती. बाळाला काखेत धरून अंगठा ताणून उचलत राहिले की तिथले स्नायुबंध सुजतात. नव्या आयांना हे हमखास होते आणि बाळ सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही. अंगठे ताणून उचलण्याऐवजी एक तळहात बाळाच्या ढुंगणाखाली आणि एक पाठीमागे घालून उचलावे. दुखणे थांबत नसेल तर मनगटाला पट्टा बांधावा. दोन किलोंची लेन्स हातात धरून उभे राहण्याची परवानगी मी तिला दिली नव्हती.

होडी निघाली तेव्हा तिने मागे वळून पाहिले नाही. मला ते जरा खटकले, हे कबूल करतो.

पहिली चाळीस मिनिटे उत्तम गेली. आई घडीच्या खुर्चीवर, बाळ तिच्या मांडीवर, मी शेजारी उभा. काठ निसरडा होता, म्हणून बाळ घेऊन पाण्याजवळ जायचे नाही असे आम्ही ठरवले होते. सूर्य वर आला. टिटवी ओरडत गेली. मग बाळ रडू लागले. सुरुवातीला कुरकुर, मग लाल चेहरा, मग तो श्वास रोखून फोडलेला टाहो. लंगोट कोरडा होता. लेकीने काढून ठेवलेले दूध आमच्याजवळ होते. मी ते वाटी-चमच्याने देऊन पाहिले, त्याने थुंकून टाकले. दुरून होडी काडीसारखी दिसत होती. मी खिशातून फोन काढला.

"फोन करू नकोस," आई म्हणाली.

"अगं, त्याला आई हवी आहे."

"त्याला आई हवी आहे आणि तिला हा तास हवा आहे. तू आहेस ना? तुझी मुलगी एवढी होती तेव्हा तू दवाखान्यातच असायचास. रडणं तू कधी ऐकलंच नाहीस, म्हणून घाबरतोस."

वाचकहो, हे वाक्य ती तीस वर्षे जवळ बाळगून होती की त्याच क्षणी तिला सुचले, ते मी अजून विचारलेले नाही. ते खरे होते. माझ्या लेकीच्या पहिल्या वर्षात मी तिला किती वेळ खांद्यावर घेतले होते, ते मला आठवेना.

मी फोन ठेवला आणि बाळाला खांद्यावर उभे धरले, एक हात खाली, एक मानेमागे. ढेकर आली नाही. मी ओसरीवर फेऱ्या घालू लागलो. घरच्या बाईंनी जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली. मी ती नाकारली नाही, फक्त त्याचा चेहरा उघडा राहतो आणि हनुवटी छातीवर टेकत नाही एवढे पाहिले. झोळीतही तो रडला. पुन्हा खांद्यावर घेतले. दहा मिनिटे असतील, पण मला तास वाटला. मग त्याची मान पाण्याकडे वळली आणि तो गप्प झाला. कशामुळे, ते सांगता येणार नाही. माझ्या वैद्यकशास्त्रात त्याला नाव नाही. तो प्रकाशाकडे टक लावून पाहत होता आणि थोड्या वेळाने माझ्या कॉलरवर लाळ गाळत झोपला. माझे मनगट तेव्हाच दुखू लागले होते.

आठ वाजून पाच मिनिटांनी होडी परतली. लेक उतरली, हात धुतले, बाळाला घेतले, आणि पाजता पाजता डाव्या हाताने कॅमेऱ्याची पाटी माझ्यापुढे धरली. उडणाऱ्या थव्याचे पोस्टकार्डासारखे चित्र मला अपेक्षित होते. तिने दाखवला तो गुलाबी पक्ष्यांच्या रांगेत उभा असलेला एक राखाडी, मळकट, लांब पायांचा पक्षी.

"हे पिल्लू आहे, बाबा. रंग यायला यांना दोन-तीन वर्षं लागतात." मग जरा थांबून म्हणाली, "आणि यांच्यात आई आणि बाप दोघंही पिल्लाला दूध पाजतात, माहीत आहे तुम्हाला?"

मला माहीत नव्हते. रोहित पक्ष्यांच्या अन्ननलिकेच्या वरच्या भागात दुधासारखा पौष्टिक, तांबडा द्रव तयार होतो, नराच्या आणि मादीच्याही, आणि तोच ते पिल्लाच्या चोचीत घालतात. त्यांचा गुलाबी रंग अन्नातून येतो. पिल्लू वाढवताना तो या दुधावाटे उतरतो आणि आईबाप फिके पडत जातात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते, त्यामुळे भिगवणला हे पाहता येत नाही. पिल्लू स्वतः खाऊ लागले की त्यांचा रंग हळूहळू परततो.

"मी होडीत हाच विचार करत होते," ती म्हणाली. त्यानंतर ती रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी प्रथमच 'रडू नकोस' म्हणालो नाही.

एका सकाळीने आजार बरा होत नाही, हे डॉक्टर म्हणून मला सांगायलाच हवे. लेकीचे औषध आणि समुपदेशन अजून चालू आहे, आणि फेब्रुवारीत दोन आठवडे पुन्हा वाईट गेले. तुमच्या घरातल्या सुनेला किंवा लेकीला बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि हौस परत येत नसेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. घरून बोलायचे असेल तर शासनाचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिने जिवाचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचे बोलून दाखवले, तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लेन्सला बुरशी लागली नव्हती. काळी बॅग आता दारामागच्या खुंटीला असते. दर रविवारी सकाळी दीड तास बाळ माझ्याकडे आणि आईकडे असते, आणि लेक पाषाणच्या तळ्यावर जाते. कधी नुसती गॅलरीत बसून शिंजिराची वाट पाहते. राखाडी पिल्लाचे चित्र आईने मोठे करून मागितले आणि आपल्या खाटेसमोर लावले आहे. पाहुणे विचारतात, "आजी, एवढे गुलाबी पक्षी सोडून हा कसला मळका लावलात?" आई त्यांना बसवून घेते आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगते. माझ्या फोनचा भाग ती कधीच वगळत नाही.