हवेवर भिस्त

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर धरणाच्या काठावर, चिखलात तासन्‌तास गळ धरून उभं राहणं संपलं. म्हणून हवेची बोट. घडी घालून डिकीत मावेल अशी.

पीव्हीसीची स्वस्त, पण उन्हानं लवकर कडक होते. हायपॅलॉनचं रबर टिकतं, पण खिसा रिकामा करतं. मला मात्र अडवतात त्या बाभळी. उजनी धरणाच्या पाण्याखाली शिवारंच्या शिवारं गेली. तिथल्या बाभळीच्या एखाद्या खुंटाला बोट घासली तर? हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, एक बसला तरी दुसरा तारतो, हे मला कळतं. पटत नाही. उन्हात हवा फुगते, म्हणून सकाळी जरा कमीच भरावी, हेही माहीत आहे.

आणि तरी धरणावर ट्रकच्या ट्यूबवर बसून, पाय पाण्यात सोडून जाळं टाकणारी माणसं मी लहानपणापासून पाहतोय. काळी, ठिगळं लावलेली ट्यूब. तिच्यावर तो माणूस निवांत विडी ओढत असतो. त्याची ती निवांतपणाची बैठक मला कुठल्या दुकानात मिळणार? (त्याच्याकडेही लाइफ जॅकेट असायला हवं, हे खरंच. मी तर ते आधी घेणार.)

चिलापी मासळी बाजारातही मिळते. मग मला पाण्याच्या मधोमध जायचंय कशाला? बायकोनं विचारलं, मी बोटीच्या फळ्यांच्या तळाबद्दल बोलत राहिलो. उभं राहून गळ टाकायला तो बरा, पण वजन वाढतं, आणि उचलणार गुडघाच. उद्या दुकानदाराला वजन विचारायचंय.