मृतबिंदूच्या अलीकडे

यंत्रशास्त्राच्या मराठी परिभाषेत पिस्टनच्या सर्वोच्च स्थानाला ‘ऊर्ध्व मृतबिंदू’ म्हणतात; गॅरेजात त्यालाच ‘टॉप’ म्हणतात. जुन्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पडायला हवी ती या टॉपवर नव्हे, त्याच्या काही अंश अलीकडे. कारण मिश्रण पेटून दाब चढायला वेळ लागतो, आणि पिस्टन तेवढा वेळ थांबत नाही. हे अलीकडचे अंतर ठरविणे म्हणजे टायमिंग लावणे.

आम्हां दोघांपैकी एकाच्या घरी 1951 सालचा शेवरले ट्रक आहे. एका रांगेत सहा सिलिंडर. 1929 मध्ये अमेरिकेत निघालेल्या इंजिनाच्या घराण्यातला. जनरल मोटर्स 1928 ते 1954 या काळात मुंबईत गाड्या जोडत असे. या गाड्यांच्या विद्युत उपकरणांवर ‘डेल्को-रेमी’ असे नाव असे. आपल्याकडचे मेकॅनिक डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतात ते त्यावरूनच, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. (परिभाषा समित्यांनी याची नोंद घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.)

या इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये एक पोलादी गोळी बसवलेली असते. आवरणाच्या छोट्या खिडकीतून ती दिसते, आणि काट्यासमोर आली की टायमिंगची जागा आली. मात्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो, आणि एक व सहा क्रमांकाचे पिस्टन जोडीनेच वर येतात. म्हणजे खूण एक, अर्थ दोन! यांपैकी कोणता, हे डेल्कोचे झाकण काढून रोटर कोणत्या तारेकडे वळला आहे ते पाहिल्यावरच कळते. संदर्भावाचून चिन्ह वाचू नये, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. येथे ते बोटांना ग्रीस लावून पटले. पुढचा क्रम 1-5-3-6-2-4, दर 120 अंशांवर एक.

आधी पॉइंटची फट जुळवायची, कारण ती बदलली की टायमिंगही सरकते. मग इग्निशन चालू करून डेल्कोच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत एक बल्ब जोडायचा आणि डेल्को हलकेच फिरवायचा. पॉइंट उघडताच बल्ब लागतो. तोच ठिणगीचा क्षण.

मात्र पुस्तकातला आकडा त्या काळच्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी होता. कारखान्यानेही हे जाणून डेल्कोखाली ‘ऑक्टेन सिलेक्टर’ची पट्टी ठेवली होती. शेवटचा निर्णय कानाचा. आमच्या उस्तादांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे आणि त्यांना आता कमी ऐकू येते. त्यामुळे ऐकण्याचे काम आमच्याकडे आले, आणि ऐकलेले सांगण्याचेही. येथे आमची एम.ए.ची शब्दसंपत्ती तोकडी पडू लागली.

“कसं वाजतंय, सर?” चढावर, तिसऱ्या गिअरात, डॅशबोर्डवर तळवा टेकून त्यांनी विचारले.

“खडखड.”

“खडखड नको. टाचण्या सांडल्यासारखं, की शिवणयंत्रासारखं?”

शिवणयंत्र म्हणजे टॅपेट; ते सपाटीवरही वाजत राहते. आम्ही पुन्हा कान दिला. पाय सोडला की आवाज थांबत होता, दाबला की येत होता.

“टाचण्या. पण दाबल्यावरच.”

त्यांनी ट्रक कडेला घ्यायला लावला, बॉनेट उघडले आणि रोटर फिरतो त्या दिशेला डेल्को केसभर सरकवला. “आता परत ऐका,” ते म्हणाले.