तीस नंबरचं तेल

मागच्या आठवड्यात एका तरुण कॅप्टनचा फोन आला. "सर, व्हील लोडर घेऊन लडाखला चाललोय. ट्रान्समिशनमध्ये तेल कोणतं भरू?" मी उलट विचारलं, "सकाळी काम किती वाजता सुरू करणार?" तो क्षणभर गोंधळला. मीही त्याच्या वयाचा असताना हा प्रश्न मला सुचला नव्हता.

तेव्हा लेहच्या पुढे एका रस्त्यावर बर्फ हटवायचं काम आमच्याकडे होतं. लोडर खालून, मैदानी भागातून आला होता. त्यात एसएई ३० तेल होतं, तेही नुकतंच बदललेलं. ऑपरेटर हवालदार बॉम्बे सॅपर्सचा, साताऱ्याकडचा. ऑक्टोबरमध्येच तो म्हणाला, "साहेब, थंडीआधी हे काढून दहा डब्ल्यू भरू." मी लॉगबुक पाहिलं. तेल बदलायला अजून शेकडो तास बाकी होते. दुपारी ऊन असायचं, मशीन छान चालायचं. "पुढच्या सर्व्हिसला बघू," म्हणालो. इंजिनाची काळजी मात्र घेतली होती: कूलंट, बॅटरी, डिझेल. ट्रान्समिशनचा विचार डोक्यात आलाच नाही.

नोव्हेंबरात एका रात्री बर्फ पडला. पहाटे पारा उणे १९. वरच्या पोस्टवर एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, त्याला तातडीने खाली आणायचं होतं आणि मध्ये रस्ता बंद. लोडरचं इंजिन सुरू झालं, पण गियर टाकला तरी मशीन हलेना. आतून पंपाची शिट्टीसारखी घरघर येत होती. हवालदार म्हणाला, "साहेब, अर्धा तास द्या. आत काकवी झालीय." मी दहा मिनिटं घड्याळ पाहिलं आणि हुकूम दिला. त्याने तो पाळला. बकेट बर्फात घुसली, इंजिन ओरडलं, चाकं मात्र जागची हलली नाहीत. मग जळका वास आला.

उरलेला बर्फ जवानांनी फावड्यांनी काढला. तीन तास लागले. तो जवान वाचला. पण ते तीन तास माझ्या खात्यावर आहेत.

नंतर ट्रान्समिशन उघडलं तेव्हा क्लचच्या प्लेटा काळ्या पडलेल्या. कारण सरळ आहे. या गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नसतं. टॉर्क कन्व्हर्टरमधून ताकद तेच पुढे नेतं आणि त्याच्याच दाबाने क्लचच्या प्लेटा आवळल्या जातात. तेल घट्ट झालं की पंपाला ते गाळणीतून ओढवत नाही, दाब चढत नाही, प्लेटा घसरतात आणि जळतात. ३० हा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. थंडीत ते कसं वागेल, हे तो सांगत नाही. १० डब्ल्यू मधला 'डब्ल्यू' विंटरचा, तो थंडीतलं वागणं सांगतो. आमच्या लोडरच्या पुस्तकात तक्ता होता: शून्याखाली १० डब्ल्यू, उन्हाळी कामाला ३०. पुस्तक केबिनमध्येच होतं.

याचा अर्थ पातळ तेल सगळीकडे चांगलं असा नाही. राजस्थानच्या मे महिन्यात तेच तेल जास्त पातळ होतं, दाब पडतो, गिअर झिजतात. आणि अडचण आली म्हणून इंजिनचं मल्टिग्रेड तेल ओतणं हाही उपाय नाही. त्यातली काही रसायनं क्लचला घसरवतात. पुस्तकात लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच तेल हवं.

म्हणून त्या कॅप्टनला सांगितलं, दुपारचं तापमान पाहू नकोस. मशीन लागेल त्या सगळ्यात थंड तासाचं पाहा. वर पोचलास की पहिल्या थंडीआधी जुनं तेल पूर्ण काढ, फिल्टर बदल, मगच नवं भर. कोणतं तेल आणि कधी भरलं, ते केबिनच्या दारावर रंगाने लिही. सकाळी न्यूट्रलमध्ये मशीन तापू दे, मग रिकाम्या बकेटने थोडं पुढे-मागे. ही सगळी मिनिटं आदल्या रात्रीच हिशोबात धर.

"आणि सर, पहाटे पाचला सुरू करायचंय," तो म्हणाला.

"मग दहा डब्ल्यू. पण आधी तुझ्या ऑपरेटरला विचार."

आमचा हवालदार आता गावी शेती करतो. दिवाळीला फोन येतो. 'मी सांगितलं होतं, साहेब' हे वाक्य त्याने आजपर्यंत एकदाही उच्चारलेलं नाही.