पेट्रोल पंपावरचे तिघे

सहल संपवून तीन मित्र मोटारीतून घरी येतात, तोंडी मैत्रीचं गाणं. घरात बेलीफ हजर. बँक बुडालेली, पैसा गेलेला, टेबल-खुर्च्यांवर जप्तीच्या चिठ्ठ्या डकवलेल्या. तिघे क्षणभर हबकतात आणि मग त्या बेलिफालाच उद्देशून गाऊ लागतात. सामान घराबाहेर जातं, पण गाण्याचा ताल काही सुटत नाही. उरते ती मोटार. ती घेऊन निघावं, तर भर रस्त्यात पेट्रोल संपतं. मग मोटार विकून त्याच जागी पंप टाकायचं ठरतं. पाळ्या लावून काम सुरू होतं आणि पाळीपाळीने तिघेही एकाच मुलीच्या प्रेमात पडतात. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसतं.

‘डी ड्राय फॉन डेर टांकश्टेले’, म्हणजे ‘पेट्रोल पंपावरचे तिघे’, हा चित्रपट १५ सप्टेंबर १९३० रोजी बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्ट चित्रगृहात प्रथम झळकला. आदल्याच दिवशी जर्मनीत संसदेची निवडणूक झाली होती. तिच्यात हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. देशात बेकारांचा आकडा तीस लाखांच्या घरात होता. त्या मोसमात जर्मन प्रेक्षकांनी सर्वांत जास्त गर्दी केली ती याच चित्रपटाला.

अशा गर्दीकडे पाहून ‘लोकांना वास्तवापासून पळायचं होतं’ असं म्हणून मोकळं होता येतं. झीगफ्रीड क्राकाउअर या जाणत्या समीक्षकानेही १९४७ साली जर्मन सिनेमावरच्या आपल्या पुस्तकात याला दिवास्वप्नांत जमा केलं. पण पळून जाणारा चित्रपट पहिल्याच काही मिनिटांत बेलिफाला घरात कशाला आणेल? जप्ती, बुडालेली बँक, विकावी लागलेली मोटार हे सगळं समोरच्या खुर्च्यांत बसलेल्यांच्या अगदी जवळचं होतं. चित्रपट ते लपवत नाही. त्याच्यावर चाल बांधतो. भुकेचं किंवा बेकारांच्या रांगेचं चित्रण इथे नाही, हे खरं. तरीही ज्या गोष्टीची लाज वाटून माणसं दार लावून घेत होती, तिच्यावर भरल्या थिएटरात सगळ्यांनी मिळून हसता आलं, याचं मोल कमी लेखू नये.

बोलपट तेव्हा नुकता चालायला शिकत होता. ‘उफा’ कंपनीने १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग इथे क्रुसाच्या आकारात चार ध्वनी-स्टुडिओ बांधले होते. मायक्रोफोन आल्यापासून नट एका जागी खिळले होते आणि कॅमेऱ्याचे पायही बांधले गेले होते. त्या काळात दिग्दर्शक विल्हेल्म थीले आणि निर्माते एरिश पॉमर यांनी वेगळी वाट धरली. गाणं म्हणजे गोष्ट थांबवून म्हणायचा आयटम नव्हे, तर गोष्टच गाण्यातून पुढे सरकली पाहिजे. वेर्नर रिचर्ड हायमान यांचं संगीत आणि रोबर्ट गिल्बर्ट यांचे शब्द त्यामुळे संवादातून अलगद उगवतात. शेवट तर अजूनही ताजा वाटतो. प्रेमी जोडी पडद्याबाहेर येते, तर समोर प्रेक्षक बसलेलेच! ऑपेरेटाला साजेसा दणदणीत शेवट पाहिल्याशिवाय हे उठणार नाहीत, हे नायिकेच्या लक्षात येतं आणि मग तो सगळा थाटमाट होतो.

नायिका होती लंडनमध्ये जन्मलेली, नाचात तयार झालेली लिलियन हार्वी, आणि तिघांपैकी तिला जिंकणारा विली फ्रिच. त्याच वेळी या चित्रपटाची फ्रेंच आवृत्तीही निघाली. लिलियन तीच, नायक मात्र आंरी गारा. डबिंगची कला रुळण्याआधी एकच गोष्ट दोन-तीन भाषांत वेगवेगळी चित्रित करण्याची ही रीत होती. १९३२ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत काढला, तोही असाच.

ते मैत्रीचं गाणं फ्रिच, ऑस्कर कार्लवाइस आणि हाइन्त्स र्‍युमान यांनी मिळून म्हटलं आहे. जर्मनीत ते आजही लोकांच्या ओठांवर असतं. ते ऐकताना मात्र पुढचं काही विसरता येत नाही. २९ मार्च १९३३ रोजी ‘उफा’च्या संचालकांनी ज्यू कलाकार-कर्मचाऱ्यांचे करार मोडायचं ठरवलं. कुणी सक्ती करायच्या आधीच कंपनीने दाखवलेली ही तत्परता होती. त्या तिघांपैकी फ्रिच आणि र्‍युमान जर्मनीत राहिले आणि नाझी राजवटीतही आघाडीचे नट ठरले. व्हिएन्नाच्या कार्लवाइसना पळावं लागलं. १९४४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘जाकोबोव्स्की अँड द कर्नल’मध्ये नाझींपासून पळणाऱ्या ज्यू निर्वासिताची भूमिका करत होते. ‘पेट्रोल पंपा’त गाणाऱ्या ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ या गायकवृंदात तिघे ज्यू होते. १९३५ मध्ये तो वृंद फुटला. १९३७ मध्ये या चित्रपटावरच बंदी आली.

सर्वांत जीवघेणी कहाणी कुर्ट गेरोन यांची. इथे ते वकील झाले आहेत. अवाढव्य देह, पण बोलण्या-वावरण्यात कमालीची चपळाई. १९२८ मध्ये ब्रेख्त-वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’च्या पहिल्या प्रयोगात मॅकीच्या सुऱ्याचं गाणं प्रथम गायले ते हेच. १९३३ मध्ये ते पॅरिस आणि पुढे ॲमस्टरडॅमला गेले. जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरलं आणि ते सापडले. टेरेझिनच्या छावणीत १९४४ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडून एक प्रचारपट दिग्दर्शित करून घेतला गेला, छावणीतले ज्यू किती सुखात आहेत हे जगाला दाखवण्यासाठी. चित्रीकरण आटोपल्यावर २८ ऑक्टोबरच्या गाडीने त्यांना आउश्वित्सला पाठवलं आणि तिथे मारलं. ती टेरेझिनहून आउश्वित्सला गेलेली शेवटची गाडी होती. वकिलाच्या भूमिकेतले त्यांचे प्रसंग म्हणून हसत हसतच, पण डोळे उघडे ठेवून पाहायला हवेत.

बेलीफ झालेले फेलिक्स ब्रेसार्ट वाचले. लांब नाक, रडवेला चेहरा आणि विनोदाची अचूक वेळ ही शिदोरी घेऊन ते हॉलिवूडला पोचले. दिग्दर्शक लुबिश यांच्या ‘निनोच्का’, ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ आणि ‘टू बी ऑर नॉट टू बी’ या तिन्ही चित्रपटांत ते आहेत आणि तिन्हींचं संगीत हायमान यांचं आहे. बर्लिनमध्ये ज्या बेलिफाला गाणं ऐकवलं गेलं, तो आणि त्या गाण्याचा संगीतकार असे कॅलिफोर्नियात पुन्हा एकत्र आले. १९४२ च्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’मध्ये ब्रेसार्ट दुय्यम भूमिका करणारा ज्यू नट झाले आहेत. शेक्सपिअरच्या शायलॉकचं भाषण करायला मिळावं एवढीच त्याची आस, आणि अखेर तो ते करतो नाझी सैनिकांसमोर. त्या काळातल्या विनोदी चित्रपटांत इतका धीट प्रसंग दुसरा सापडणं कठीण.

दिग्दर्शक थीले यांनीही हॉलिवूडमध्ये १९४३ साली ‘टार्झन ट्रायम्फ्स’ केला. त्यात टार्झन नाझींशी लढतो. ‘पेट्रोल पंपा’चे छायालेखक फ्रान्झ प्लानर यांचं काम मराठी रसिकांनी ‘रोमन हॉलिडे’मध्ये पाहिलं असेल.

१९५५ मध्ये पश्चिम जर्मनीत हा चित्रपट रंगीत होऊन पुन्हा आला. त्यात एकेकाळचा नायक फ्रिच आता नायिकेचा बाप होता. गाणी होती, पंप होता, पण ती जुनी तरतरी नव्हती. जप्तीची धास्ती प्रेक्षकांच्या मनात उरली नव्हती आणि ज्यांच्या हाताला ती लय होती, त्यातले बहुतेक पांगले होते. हायमान म्युनिकला परतले होते. गिल्बर्टही युरोपात आले होते. बर्लिनच्या गल्ल्यांमध्ये वाढलेल्या या गीतकाराने पुढे ‘माय फेअर लेडी’ जर्मनमध्ये आणलं, तेव्हा फुलं विकणाऱ्या एलायझाच्या तोंडी त्यांनी अस्सल बर्लिनची बोली घातली. १९६१ मध्ये बर्लिनच्याच रंगमंचावर ती बोलू लागली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं.